कास्टिंगमधली भोकं बुजवण्यात जन्म गेला, पोरगी भोकं पाडायला शिकतेय: हे सच्छिद्र नॅनो प्रकरण समजावून सांगा

ओतकामवाला | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची लहानशी फौंड्री आहे. वडिलांनी सुरू केली, गेली सत्तावीस वर्षं मी बघतोय. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, म्हणजे बिडाचेच दोन प्रकार, जास्त करून पंप बॉडी आणि ट्रॅक्टरचे पार्ट. आमच्या धंद्यात भोक म्हणजे रिजेक्शन. ब्लोहोल, पिनहोल, श्रिंकेज, कसलंही असो. वरून गुळगुळीत दिसणारा जॉब मशिनिंगला जातो, तिसऱ्या कटला आतलं भोक उघडं पडतं आणि तो भंगाराच्या ढिगात येऊन पडतो. तेव्हा काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

थोरली मुलगी एमएस्सी करून पीएचडीला लागली. विषय आहे ऊर्जा आणि उत्प्रेरणासाठी सच्छिद्र धातू आणि कार्बनच्या नॅनोरचना. आज जेवताना विचारलं, नक्की करणार काय? तर म्हणाली, "बाबा, तुम्ही जी भोकं बुजवता तीच मला पाडायची आहेत. फक्त तुमच्या पिनहोलपेक्षा लाखपट बारीक."

तिनं तासभर समजावलं. थोडं समजलं, बरंच डोक्यावरून गेलं. दर वेळी तिला तेच तेच विचारायला बरं वाटत नाही, म्हणून इथं विचारतोय. धातूत भोकं पाडून वीज आणि इंधनाचा काय फायदा? एवढी बारीक भोकं पाडतात कशानं? आणि आपल्या कोल्हापुरातल्या भट्ट्यांवर यातलं काही होण्यासारखं आहे का?

मिसळ_कट_जादा | रविवार, रात्री १०.०५

काका, पावाला जाळी नसती तर कट मुरला असता का? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे. 😀

पोरीला शुभेच्छा. नाद खुळा विषय घेतलाय.

रसायनवेडी | रविवार, रात्री ११.२०

मिसळवाल्यांचं उदाहरण बरोबर आहे, तेच पुढं नेते.

उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. घन उत्प्रेरकाचं काम फक्त पृष्ठभागावर चालतं. प्लॅटिनमचा गोळा घेतला तर आतल्या अणूंपर्यंत वायू पोचतच नाही, म्हणजे आतलं सगळं महागडं प्लॅटिनम नुसतं वजनाला. म्हणून फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज करणाऱ्या उपकरणात, प्लॅटिनमचे दोन ते पाच नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा) कण सच्छिद्र कार्बनवर पसरवतात. सुपरकपॅसिटरमध्येही, म्हणजे वीज झटपट साठवून झटपट देणाऱ्या उपकरणातही, तसंच: द्रावणातले आयन कार्बनच्या पृष्ठभागाला येऊन चिकटतात आणि वीज साठते. जागा जितकी जास्त, तितकी साठवण जास्त.

ही जागा किती असते? चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये २००० चौरस मीटर, कधी त्याहून जास्त. आपल्या भाषेत वीस गुंठे. चिमूटभर काळ्या भुकटीत अर्धा एकर रान! वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन आजोबांना सांगितलं होतं. त्यांचा पहिला प्रश्न, "सातबारा कुणाच्या नावावर?"

छिद्रांच्या मापाला नावंही आहेत. २ नॅनोमीटरच्या आतलं ते सूक्ष्मछिद्र, २ ते ५० मध्यम, ५० च्या वर मोठं. तिन्ही लागतात. सगळीच सूक्ष्मछिद्रं असली तर आयन दारातच अडकतात. राजारामपुरीच्या गल्ल्या आहेत, पण त्यांना जोडणारा मेन रोडच नाही, असं झालं तर घरी कसं पोचायचं? जागा भरपूर आणि रस्ता नाही, असं व्हायला नको.

ओतकामवाला | सोमवार, सकाळी ७.५०

ताई, वीस गुंठ्यांचा हिशोब मनात बसला. पण माझा खरा प्रश्न अजून तसाच आहे. ड्रिल तर एवढं बारीक नाही. मग भोक पडतं कसं?

गुजरीकर | सोमवार, दुपारी १.१५

ओतकामवाले साहेब, धातूत बारीक भोकं पाडायचं काम आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पिढ्यान्‌पिढ्या चालतंय. फक्त त्याला नॅनो म्हणतात हे आम्हाला अलीकडं समजलं.

मोडीचं सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालून आटवतो. सोनं एक हिस्सा, चांदी तीन हिस्से. नवख्याला हे उलटं वाटतं, शुद्ध करायचं तर आणखी भेसळ कशाला? पण सोन्याचं प्रमाण जास्त राहिलं तर तेजाब (नायट्रिक आम्ल) आत शिरत नाही, वरवरची चांदी खाऊन थांबतो. चौथाई सोनं असलं की तेजाब पार गाभ्यापर्यंत जातो, सगळी चांदी ओढून घेतो आणि मागं सोनं राहतं.

ते मागं राहिलेलं सोनं कधी बघितलंय का? पिवळं नसतं. विटकरी, तपकिरी, काथासारखं दिसतं. पातळ पत्रा मारून हलक्या हातानं तेजाबात सोडला आणि जोरात उकळू दिला नाही, तर पत्र्याचा आकार तसाच राहतो, पण चिमट्यात धरला की पापडासारखा मोडतो. मग तो धुऊन मुशीत लालसर तापवला की डोळ्यांदेखत आक्रसतो आणि पिवळाधमक होतो. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जादूच वाटली होती. अजूनही तो क्षण आला की मी हातातलं काम सोडून बघत बसतो.

पुतण्यानं इंजिनिअरिंगला गेल्यावर सांगितलं की त्या तपकिरी सोन्यात काही नॅनोमीटरची जाळी असते.

(तेजाबाचा तांबूस धूर छातीला फार वाईट. घरी कुणी करून बघू नका.)

रसायनवेडी | सोमवार, दुपारी २.००

गुजरीकर काका, तुम्ही सांगितलं ते सगळं पुस्तकात आहे, पण तुमच्या इतकं डोळ्यांसमोर उभं करून नाही. याला मिश्रधातूतून एक धातू काढून घेणं म्हणतात. चांदीचे अणू निघून गेले की सोन्याचे अणू मोकळे पडतात. ते पृष्ठभागावर सरकत सरकत एकमेकांना चिकटून पुंजके करतात, त्यामुळं खालची ताजी चांदी उघडी पडते, तीही जाते, असं होत होत आतपर्यंत जाळी तयार होते. तापवल्यावर बारीक धागे एकत्र येऊन जाड होतात, म्हणून आक्रसतं आणि पिवळा रंग परत येतो. संशोधकांना ते तापवणंच टाळायचं असतं, कारण त्यांना ती बारीक जाळीच हवी असते. असं सच्छिद्र सोनं कार्बन मोनॉक्साइडचं कमी तापमानाला कार्बन डायऑक्साइड करतं. एरवी सोनं कशाशी बोलायला तयार नसतं!

तेलाचा_घाणा | सोमवार, सायंकाळी ६.३०

हीच रीत निकेलला लावली की रॅने निकेल. अमेरिकेत मरे रॅने नावाच्या अभियंत्यानं १९२० च्या दशकात काढलं, तेही तेलाचं वनस्पती तूप करण्यासाठी. निकेल आणि अॅल्युमिनियम निम्मं निम्मं वितळवायचं, दळायचं आणि कॉस्टिक सोड्यात सोडायचं. अॅल्युमिनियम विरघळून जातं, निकेलचा स्पंज राहतो. ग्रॅमला शंभरेक चौरस मीटर जागा.

मी त्या धंद्यात अकरा वर्षं होतो. एक गोष्ट सांगतो, पोरीपर्यंत जरूर पोचवा. हा स्पंज कायम पाण्याखाली ठेवायचा असतो. आमच्या कारखान्यात एका नव्या मुलानं गाळून झालेला कागद तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यावर चमचाभरसुद्धा निकेल नसेल. जेवणाच्या सुट्टीत कागद वाळला आणि डब्यानं पेट घेतला. कुणी काडी ओढली नाही, ठिणगी नाही, नुसती हवा लागली. एवढी जागा उघडी असली की धातू हवेतल्या ऑक्सिजनलाच खातो. त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यात त्याची चूक नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

आज याच निकेलला नवे दिवस आलेत. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये रॅने निकेलचा थर दिलेले इलेक्ट्रोड वापरतात, प्लॅटिनमविना काम होतं. केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. त्यामुळं पोरीचा विषय हवेतला नाही.

ओतकामवाला | सोमवार, रात्री १०.१०

निकेल-अॅल्युमिनियम म्हणजे आमच्या इंडक्शन फर्नेसचंच काम की! हे करून बघता येईल.

तेलाचा_घाणा | सोमवार, रात्री १०.४५

साहेब, थांबा. आयर्नचा अनुभव इथं जसाच्या तसा लावू नका. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये निकेल पडलं की दोघांच्या संयोगातून प्रचंड उष्णता निघते, तापमान एकदम उसळतं. थोडं थोडं घालावं लागतं. आणि पुढं कॉस्टिकमध्ये एक किलो अॅल्युमिनियम विरघळलं की बाराशे लिटरच्या वर हायड्रोजन सुटतो. बंद शेडमध्ये, शेजारी भट्टी पेटलेली असताना हे नकोच. ओतकाम तुमच्याकडं, कॉस्टिकचं काम जाणकाराकडं, अशी वाटणी झाली तर विचार करा.

उद्यमनगर_प्लेटिंग | मंगळवार, सकाळी ८.२०

आमच्याकडची उलटी गोष्ट ऐका. तांब्याचा मुलामा देतो त्या द्रावणाच्या बाथमध्ये करंट जास्त झाला की कडेला हायड्रोजनचे बुडबुडे येतात, थर काळपट, खरखरीत, भुसभुशीत बसतो. आम्ही त्याला जळालेला माल म्हणतो आणि खरवडून परत करतो.

मागच्या वर्षी एक संशोधक विद्यार्थी आला. म्हणाला, मला तुमचा जळालेलाच माल पाहिजे. मला वाटलं थट्टा करतोय. त्यानं दाखवलं: कॉपर सल्फेटमध्ये सल्फ्युरिक आम्ल भरपूर घालून चौरस सेंटिमीटरला तीन अँपिअरपर्यंत करंट द्यायचा. आम्ही देतो त्याच्या पन्नासपट तरी असेल. बुडबुडे फसफसून सुटतात आणि प्रत्येक बुडबुड्याच्या भोवतीनं तांबं बसत जातं. बुडबुडा निघून गेला की तिथं भोक. काही सेकंदांत मधाच्या पोळ्यासारखा थर. भिंगातून बघितला, वरची भोकं मोठी, खालची लहान, कारण वर जाता जाता बुडबुडे एकमेकांत मिसळतात. साचा बुडबुड्याचा, काढून टाकायची कटकट नाही.

तीस वर्षं जे खरवडत आलो ते भिंगाखाली इतकं देखणं दिसेल असं वाटलं नव्हतं.

साचा_आणि_कोअर | मंगळवार, दुपारी १२.४०

वा बापू! आता माझी पाळी, कारण ओतकामवाल्यांना सगळ्यात जवळची रीत कुणी सांगितलीच नाही.

काका, तुम्ही कोअर बसवता, धातू ओतता आणि नंतर कोअरची वाळू झाडून काढता. राहते ती पोकळी. नॅनोतही हेच. आधी सिलिकाचा एक कोअर करतात, त्यात पाचसहा नॅनोमीटरच्या नळ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ओळीनं असतात. त्या नळ्यांत काय भरतात, ओळखा. साखर! साधी ऊस-साखर, पाण्यात विरघळवून, थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून. वाळवायची, नायट्रोजनमध्ये ९०० अंशांपर्यंत तापवायची, साखरेचा कोळसा होतो. मग सिलिका विरघळवून टाकायची. कोअर झाडला! राहतो तो कार्बन, सिलिकाच्या साच्याची हुबेहूब उलटी प्रत. दक्षिण कोरियात १९९९ साली असा पहिला सुव्यवस्थित कार्बन झाला तो साखरेपासूनच.

सिलिका काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, ते हाडापर्यंत जाणारं विष आहे. पोरीला सांगा, गरम कॉस्टिकनंही काम होतं, तेच वापर.

आणि एक. तुमच्या गेटिंगमध्ये, म्हणजे धातू साच्यात जायच्या वाटेवर, स्लॅग (मळ) अडवायला काळा फोम फिल्टर बसवता ना? १० पीपीआय, २० पीपीआय, म्हणजे इंचाला तेवढी भोकं? तो कसा करतात? गादीतला पॉलियुरेथेन फोम सिरॅमिकच्या खळीत बुडवून भाजतात, फोम जळून जातो, जाळी राहते. फोमवर खळीऐवजी निकेल चढवलं की निकेल फोम. सुपरकपॅसिटर आणि हायड्रोजनच्या निम्म्या प्रयोगशाळा त्याच फोमवर काम करतात. म्हणजे सच्छिद्र रचना तुमच्या स्टोअरमध्ये खोक्यांनी पडलीय.

ओतकामवाला | मंगळवार, दुपारी १.०५

हे वाचून स्टोअरमध्ये जाऊन एक फिल्टर उचलून आणलाय. समोर टेबलावर आहे. इतकी वर्षं हातात घेतला, पण असा बघितला नव्हता.

चुलवाण | मंगळवार, रात्री ९.१५

आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. साखरेचं झालं, तर चिपाडाचं काय? चुलवाणात घालून उरतं तेवढं देतो आम्ही. बातम्यांत वाचलं होतं चिपाडापासून बॅटरी.

माजी_संशोधक | मंगळवार, रात्री ११.५०

चुलवाण दादा, मी नेमकं हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. चिपाड स्वच्छ धुऊन, वाळवून, हवा न लागू देता ५००-६०० अंशांना कोळसा करायचा. मग त्यात तीनचारपट पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ७००-८०० अंशांना तापवायचं. ते कार्बनला आतून कुरतडतं, पोटॅशियमची वाफ थरांच्या मधे घुसून त्यांना फाकवते. धुतल्यावर वीस गुंठेवालं रान तयार.

आता चुका. पहिल्या खेपेला मी घाई केली. भट्टी ३०० अंशांवर आली, म्हटलं आता काय होतंय, नायट्रोजन बंद केला आणि भट्टीची नळी उघडली. हवा लागताच बोटीतली (नळीत सरकवायच्या लांबट भांड्याला बोट म्हणतात) काळी भुकटी कडेनं विडीच्या टोकासारखी लाल झाली आणि ती लाल रेघ आवाज न करता आत सरकत गेली. मी बघत उभा. दोन दिवसांच्या कामाची राख. दुसऱ्या खेपेला चिनी मातीची बोट वापरली, ती वितळलेल्या अल्कलीनं खाल्ली. निकेलची बोट लागते. आणि धुताना एकदम पाणी ओतू नका, आत पोटॅशियम धातू उरलेला असू शकतो.

बॅटरीच्या बातमीबद्दल स्पष्ट बोलतो. ती बॅटरी नव्हे, सुपरकपॅसिटर. सेकंदांत चार्ज होतो, लाखो वेळा चालतो, पण साठवण कमी. शोधनिबंधात ग्रॅमला २०० फॅरड (विद्युतभार साठवायच्या क्षमतेचं माप) लिहिलेलं असतं, ते एका इलेक्ट्रोडचं. दोन इलेक्ट्रोडचा खरा सेल केला की दोघांच्या वजनावर तो आकडा चौथ्या हिश्श्यावर येतो, ५०. पाण्याच्या द्रावणात एक व्होल्ट धरला तर किलोला जेमतेम ७ वॉट-तास, तेही डबा, द्रावण, पत्रा न मोजता. लिथियम-आयन दीडशे ते अडीचशे देते. आमच्या वेळी तर मिलिग्रॅमभर पदार्थाचा पातळ थर देऊन मोठे आकडे काढायची सवय लागली होती. बाजारातल्या उपकरणात चौरस सेंटिमीटरला दहाएक मिलिग्रॅम असतो. जाड थर दिला की आकडा पडतो, कारण मेन रोड नसतो, रसायनवेडी ताईंनी सांगितलं तसं. मला हे फार उशिरा समजलं आणि त्याची अजून खंत आहे.

साचा_आणि_कोअर | बुधवार, सकाळी ९.००

माजी_संशोधक, आकडे मान्य, पण सूर पटला नाही. सुपरकपॅसिटरनं बॅटरीशी कुस्ती खेळायचीच नाही. पवनचक्कीच्या पात्यांचा कोन अडीनडीला बदलायला, बसच्या ब्रेकमधली ऊर्जा पकडायला सेकंदभराचा जोर लागतो. तिथं तोच पैलवान.

पंचगंगेकाठी | बुधवार, सकाळी १०.३०

सगळं वाचतोय, छान चाललंय. पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. किलोभर कार्बनला तीनचार किलो अल्कली, मग आम्ल, मग धुण्याचं पाणी. ते सगळं शेवटी कुठं जाणार? आमच्या दारातली नदी आधीच काय काय सोसतेय. प्रयोगशाळेत ग्रॅमभराला चालतं. कारखाना निघाला तर?

माजी_संशोधक | बुधवार, दुपारी १२.१५

हा प्रश्न माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत विचारायला हवा होता. उत्तर आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लानं मारलं की पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचं पोटॅश खत. पाणी आटवून ते परत मिळवता येतं, जड धातू नाहीत ना हे तपासून. तो खर्च आधीच धरला पाहिजे. दुसरा मार्ग वाफेचा: कोळशावर ८०० ते ९०० अंशांना पाण्याची वाफ सोडायची, अल्कली लागतच नाही. जागा थोडी कमी मिळते, पण बाजारात विकला जाणारा नारळाच्या करवंटीचा कार्बन बराचसा असाच होतो. नदीकाठी मी वाफेचीच बाजू घेईन.

पंचगंगेकाठी | बुधवार, दुपारी १२.४०

उत्तर पटलं. आभार.

मिसळ_कट_जादा | बुधवार, दुपारी १.३०

चुलवाण दादा, विषय निघालाच आहे तर, रस साफ करायला अजून भेंडीच घालता ना? की पावडर?

चुलवाण | बुधवार, रात्री ८.४५

भेंडीच. झाडं ठेचून, भिजवून, त्याचा चिकट रस काहिलीत. मळी वर येते ती काढायची. गुळव्या जुना आहे, दुसरं काही चालू देत नाही.

ओतकामवाला | रविवार, सायंकाळी ५.२०

मंडळी, आठवडाभर सगळं दोनदा वाचलं. आज पोरगी घरी होती. टेबलावर फोम फिल्टर ठेवला होता, तिनं मोबाईलवर तिच्या नमुन्याचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो काढला आणि शेजारी धरला. एक जाळी बोटात मावणारी, एक केसाच्या हजाराव्या हिश्श्याची, आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या! दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी विचारलं, तुझी भोकं ठरल्या मापाचीच येतात का? म्हणाली, दहातली सहा खेपा. मी म्हटलं, मग तुझंही रिजेक्शन चाळीस टक्के आहे. खेप कुठल्या दिवशी, कुठल्या लॉटचं रसायन, भट्टी किती वेळात किती चढली, वहीत लिहितेस का? आमच्याकडं भट्टीच्या प्रत्येक खेपेला हीट नंबर असतो तसा नंबर दे. तिनं लगेच वही आणली. पहिल्यांदा तिच्या अभ्यासात माझा काही उपयोग झाला.

भट्टीचं विचाराल तर निकेल-अॅल्युमिनियम सध्या नाही. घाणेवाल्यांचं ऐकलं. पण तिला वाफेनं कार्बन करायला एक बंद पेटी हवी आहे, ती मी करून देतोय. झाकणाला दोरीचं सील, वाफेला एक नळी, आणि तापमान १०० च्या खाली आल्याशिवाय उघडायचीच नाही म्हणून कुलूप. कुलपाची कल्पना माजी संशोधकांच्या राखेवरून घेतली.

चुलवाण दादा, पोतंभर चिपाड मिळेल का?

चुलवाण | रविवार, रात्री ९.००

एक काय, चार न्या. दिवाळी झाली की गुऱ्हाळ सुरू होतंय. ओलं पाहिजे का वाळलेलं?

माजी_संशोधक | रविवार, रात्री ९.२५

वाळलेलं. आणि चुलवाणाजवळचं नको, त्यात राख आणि माती मिसळलेली असते, सिलिका वाढते. घाण्यातून पडतं तिथं ताडपत्री टाकून वेगळं धरा. पोत्यावर उसाची जात लिहा.

चुलवाण | रविवार, रात्री ९.४०

लिहितो. पोरीलाच घेऊन या, काकवी ताजी असेल.